आज हे विमान उडणार नाही

मित्रांनो, आमचे मिस्त्रीकाका माझी ओळख करून देताना सांगतात, "हे आमचं म्हातारं. एक्केचाळीस पूर्ण झाली." माणसाचे हे वय म्हातारपणाचे नव्हे, हे मलाही कळते. पण मी विमान आहे. एका पंख्याचे, जेमतेम चार माणसे बसतील एवढे, आणि गेली अठरा वर्षे शिकाऊ हातांखाली काढलेले. नव्या विद्यार्थ्याने मला धावपट्टीवर उतरवले की माझा सांधा न् सांधा खिळखिळा होतो. तरी माझी तक्रार नसते. चुकून कुरकुरलेच, तर ते मिस्त्रीकाकांना ऐकू जाते आणि ते पाना घेऊन हजर होतात.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. डाव्या पंखाचे पत्रे जोडणारे रिवेट एका बाईने ठोकले आणि उजव्याचे तिच्या जावेने. दोघी दिवसभर माझ्या अंगावरून घरच्या गप्पा मारत. सासूबाईंचे गुडघे, धाकट्याचा अभ्यास, सारे मला पाठ झाले होते. रंग वाळल्यावर जमिनीची मोजणी करणाऱ्या एका गृहस्थांनी मला घरी नेले. अकरा वर्षे मी त्यांच्याबरोबर नद्या, टेकड्या आणि शेतांचे बांध पाहत हिंडले. माझी काच ते स्वतःच्या रुमालाने पुसत. पुढे त्यांची नजर कमजोर झाली, आणि मला विकून, माझ्या पंखावरून एकदा हात फिरवून ते निघून गेले.

नंतर ज्यांनी मला घेतले, त्यांची हौस लवकर फिटली. हातोहात फिरत फिरत मी शेवटी विमानतळाच्या कोपऱ्यात, कुंपणाजवळ येऊन पडले. तिथे माझी चार वर्षे गेली. चाकांतली हवा गेली, रंगाचे पापुद्रे निघाले. गवत कापणारी माणसे दुपारी माझ्या पंखाखाली डबा खायला बसत, तेवढीच काय ती सोबत. आपण आता पुन्हा उडत नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती.

एक दिवस दोन माणसे आली. एक उंच, सडसडीत बाई, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. पूर्वी त्या प्रवासी विमाने चालवत असत आणि आता स्वतःची उड्डाणशाळा काढणार होत्या. त्यांना सगळे कॅप्टनबाई म्हणतात. दुसरे मिस्त्रीकाका. काकांनी माझ्या इंजिनाचे झाकण उघडून कोपरापर्यंत हात घातला आणि पाखरांचे भलेमोठे घरटे बाहेर काढले.

"रिकामं आहे," ते म्हणाले. "पिल्लं उडून गेलीत. म्हणजे बाई, या विमानाला शिकवण्याचा अनुभव आहे."

कॅप्टनबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. त्याच आठवड्यात मला ओढत त्यांच्या शेडमध्ये नेले. नऊ महिने काका माझ्याशी झटत होते. त्यानंतर मी शाळेत लागले ते आजतागायत.

माझ्या अंगाखांद्यावर कितीतरी मुले-मुली शिकली. परीक्षा पास झाली की माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत, कोणी कोणी तर माझ्या नाकाचा मुकासुद्धा घेत. पण तीन वर्षांपूर्वी धावपट्टीच्या पलीकडे एक नवी शाळा उघडली. सगळी इमारत काचेची, बाहेर बारा नवी कोरी विमाने एका रांगेत. त्यांच्यात माझ्यासारखी गोल तबकड्यांची घड्याळे नाहीत, मोठे पडदे आहेत. मुले तिकडे वळू लागली. आमच्याकडे चौकशीला येणारे माझ्याकडे एक नजर टाकत आणि विचारत, "यात शिकवता?" एका संध्याकाळी मी कॅप्टनबाईंना काकांशी बोलताना ऐकले, "या महिन्यात नवीन कोणी आलं नाही, तर एक विमान कमी करावं लागेल." कोणते ते त्यांनी सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती.

अशा दिवसांत एका थंड सकाळी एक मुलगी आणि तिचे बाबा आमच्या शेडच्या दारात उभे राहिले. बाबा तिला "थोरले" अशी हाक मारत, म्हणून मीही तिला थोरलीच म्हणणार. ते बसचालक होते. रजा टाकून आले होते. आल्या आल्या त्यांनी कोणाशी न बोलता आधी माझी तिन्ही चाके वाकून पाहिली. थोरलीच्या हातात निळी वही होती.

ती माझ्या पंखाखाली उभी राहून कॅप्टनबाईंशी बोलली, म्हणून तिची सारी हकिकत मला कळली. ही तिची पहिली शाळा नव्हती. आधी ती दूरच्या एका मोठ्या शाळेत गेली होती. तिथल्या जाहिरातीत नऊ विमाने होती. प्रत्यक्षात उडत तीन होती, बाकीची इंजिने काढून कापडाखाली झाकलेली. चौदा महिन्यांत तिला चार प्रशिक्षक बदलून मिळाले. दर नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करायचा. हौशी वैमानिकाचा परवाना तेवढा पदरात पडला आणि ती घरी परतली. आता तिला पुढचे दोन टप्पे गाठायचे होते: फक्त यंत्रांवर भरवसा ठेवून ढगातून उडण्याचे शिक्षण आणि मग नोकरीसाठी लागणारा व्यावसायिक परवाना.

"चूक झाली तेव्हा मी काही विचारलं नव्हतं," थोरली म्हणाली. "या वेळी विचारणार आहे. चालेल ना मॅडम?"

"विचार की."

"विमानं किती?"

"पाच. आज उडणारी तीन. एकाचं इंजिन उतरवलंय, एक सुट्या भागासाठी थांबलंय."

थोरलीने चमकून वर पाहिले. असे उत्तर तिला अपेक्षित नसावे. "शिकणारे किती?"

"दहा. शिकवणारे आम्ही चौघं, पण दोन महिन्यांनी त्यातला एक नोकरी लागून जाणार आहे. त्याच्या जागी माणूस मिळेपर्यंत त्याची मुलं मी घेणार."

"मध्येच सोडून किती जण गेले?"

कॅप्टनबाईंनी चष्मा काढून पुसला. "गेल्या वर्षी तिघं. दोघं समोरच्या शाळेत गेले. तिसऱ्याला मीच सांगितलं, बाबा रे, हे तुझं काम नव्हे. तो रडला. मलाही वाईट वाटलं."

"आणि खऱ्या ढगात नेता? की नुसती टोपी घालून?"

मित्रांनो, ही टोपी म्हणजे काय ते सांगते. विद्यार्थ्याच्या डोक्यावर पुढे लांब झापड असलेली टोपी घालतात, म्हणजे त्याला खिडकीबाहेरचे काही दिसत नाही, फक्त समोरची यंत्रे दिसतात. ढगात असल्याचा तो सराव.

"आधी टोपी, मग खरा ढग," कॅप्टनबाई म्हणाल्या. "विजेचा नाही, बर्फाचा नाही, साधा शांत ढग. टोपीत कडेनं थोडं डोकावता येतं. ढगात डोकावायला काही नसतं. चल, तू एक फेरी मारूनच ये. बसल्याशिवाय शाळा कशी कळणार? बाबा, तुम्हीही बसा मागे."

"मी खालीच बरा," बाबा घाईघाईने म्हणाले.

माझे काळीज सुपाएवढे झाले. बाकीची दोन विमाने मुलांना घेऊन वर गेली होती, तेव्हा ही संधी माझीच होती. आज असे उडायचे की या मुलीने दुसरीकडे पाहताच कामा नये, असे मी ठरवले. मिस्त्रीकाका नेहमीप्रमाणे हातात बॅटरी घेऊन माझे इंजिन तपासू लागले. एका जागी ते थबकले. बॅटरी जवळ नेली, छोटा आरसा आत घालून पाहिला, बोट फिरवले. मग सरळ उभे राहिले.

"बाई, आज हे विमान उडणार नाही."

"बरं," कॅप्टनबाई म्हणाल्या. एवढेच. का, कसे, दुपारपर्यंत होईल का, काही नाही. आत जाऊन त्यांनी लाल पट्टी आणली आणि माझ्या सुकाणूला बांधली.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "नेमकं आजच?" ते म्हणाले.

काकांनी त्यांना जवळ बोलावून आरशात दाखवले. धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याला केसाएवढी चीर गेली होती. "थंडीत आत ऊब यावी म्हणून या नळकांड्याभोवतीची गरम हवा आपण आत घेतो. चिरेतून त्यात धुराचा विषारी वायू मिसळला, तर वाससुद्धा येत नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते."

बाबांनी पुन्हा वाकून आरशात पाहिले. "कालपर्यंत नव्हती?"

"काल रोजच्यासारखं बघितलं होतं. दिसली नाही. आज दिसली."

थोरली मात्र तिसरीकडेच पाहत होती. कॅप्टनबाई एका जाड वहीत काहीतरी लिहीत होत्या. "मॅडम, ही वही मी बघू?"

"बघ. लपवायची असती तर लिहिली कशाला असती?"

ती माझ्या बिघाडांची वही. उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून थोरलीने ती तासभर वाचली. एका बाजूला विद्यार्थ्याने लिहिलेली तक्रार, समोर काकांची सही आणि काय केले ते. एके ठिकाणी ती खुदकन हसली. कोणी लिहिले होते, 'डावीकडे वळताना चूं चूं आवाज येतो.' समोर काकांचे अक्षर, 'दोन दिवस शोधले. विद्यार्थ्याचा बूट.'

तिकडे बाबा काकांना सांगत होते, "अठ्ठावीस वर्षांत मी चारदा गाडी बाहेर काढायला नाही म्हटलं. चारही वेळा साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. तुम्हाला बाई काहीच बोलल्या नाहीत."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही," काका हात पुसत म्हणाले.

मग थोरली आणि बाबा पलीकडच्या काचेच्या शाळेत गेले. जाताना मी त्यांना पाठमोरे पाहत राहिले. तिथे त्यांना खुर्च्या मिळाल्या, गरम कॉफी मिळाली, चकचकीत पुस्तिका मिळाली. हे सगळे मला नंतर कळले. थोरलीने बिघाडांची वही मागितल्यावर मात्र तिथल्या गृहस्थाने हसून सांगितले, "ती आमची आतली बाब आहे." बाबांनी एक विमान जवळून पाहू का म्हणून विचारले, तर उत्तर मिळाले, "खिडकीतून छान दिसतं."

दुपारी दोघे परत आले. काका माझे नळकांडे उतरवून बसले होते आणि मी तोंड उघडे टाकून अगदी बावळट दिसत होते. थोरलीने माझ्याकडे पाहिले आणि कॅप्टनबाईंना विचारले, "प्रवेशाचा कागद कुठं मिळेल?"

मित्रांनो, न उडता मी कोणाचे मन जिंकले असेन, तर ते त्या एका दिवशी.

पण शाळा चांगली मिळाली म्हणजे शिकणे सोपे होते, असे नाही. ढगात माणसाचे शरीर त्याला फसवते. विमान वळत असले तरी वाटते सरळ चालले आहे, आणि सरळ असले तरी वाटते कलले आहे. थोरलीला हे फार जड गेले. टोपी घातली की दहा मिनिटांत ती मला नकळत एका बाजूला कलवायची, उंची घसरायची, मग घाबरून ती मला हिसका द्यायची. पाच आठवडे असेच गेले. एकदा खाली उतरल्यावर ती सीटवरून उठेचना.

"मला जमत नाही, मॅडम. त्या तिसऱ्यासारखं मलाही सांगून टाका."

"आज उंचीचं घड्याळ किती वेळा बघितलंस?" कॅप्टनबाईंनी विचारले.

"माहीत नाही."

"मी मोजलं. चाळीस मिनिटांत अकरा वेळा. उद्या शंभर वेळा बघ. बाकी काही नको करूस. चल, हात धुऊन ये, खाऊन घेऊ."

दुसऱ्या दिवशी तिने शंभर वेळा पाहिले. हळूहळू तिची नजर माझ्या घड्याळांवरून अशी फिरू लागली, जशी सुगरणीची नजर चार शेगड्यांवरून फिरते. मलाही तिच्या हातात हलके वाटू लागले.

मग खऱ्या ढगाचा दिवस आला. ढग जाड, पांढरा आणि शांत होता. आत शिरलो आणि बाहेरचे जग पुसून गेल्यासारखे झाले. विसाव्या मिनिटाला माझ्या पोटात काहीतरी तुटले. आवाज झाला नाही. पण विमान सरळ आहे की कललेले हे दाखवणारे माझे मुख्य घड्याळ हळूहळू डावीकडे झुकू लागले. मी सरळ होते, मित्रांनो! मी खोटे बोलत होते आणि मला ते थांबवता येत नव्हते.

थोरलीचा हात सुकाणू उजवीकडे वळवू लागला. अर्धा क्षण. मग तो थांबला.

"मॅडम, हे घड्याळ म्हणतंय कललोय, वळणाचा काटा म्हणतोय सरळ आहोत. दोघांचं जुळत नाही."

"खरं कोण?"

तिची नजर कोपऱ्यातल्या छोट्या मापकावर गेली. "वळणाचा काटा विजेवर चालतो. हे हवेच्या पंपावर. पंपाचा दाब शून्य. पंप गेला."

"मग?"

कॅप्टनबाई एवढेच म्हणाल्या. त्यांचे हात मांडीवर होते. पाय मात्र पायपट्ट्यांच्या वर बोटभर अंतरावर ताठ धरलेले होते, हे फक्त मला माहीत होते. थोरलीने निळ्या वहीचे पान टरकावून पंपावर चालणारी दोन्ही घड्याळे, हे आणि दिशेचे, झाकून टाकली, म्हणजे त्यांच्याकडे चुकूनही नजर जायला नको. मग तिने रेडिओवर सांगितले, "दिशा दाखवणारी यंत्रं बंद पडली आहेत. मदत हवी." खालून विमानतळावरच्या नियंत्रकाचा शांत आवाज आला, "ठीक. मी सांगेन तेव्हा वळा, सांगेन तेव्हा थांबा." वळा. थांबा. थोडं खाली या. पुन्हा वळा. ती वेग पाही, उंची पाही, वळणाचा काटा पाही, पुन्हा वेग. तिच्या हनुवटीवरून घामाचा थेंब माझ्या सुकाणूवर पडला, पण हात डळमळला नाही. ढगाचा तळ आला, आणि समोर, जराशी डावीकडे, आमची धावपट्टी!

उतरल्यावर तिने आधी माझे इंजिन बंद केले. काकांनी बाहेरून दार उघडले. पंप खोलला तर आतली पाती तुटून भुगा झाली होती. त्याचे अर्धे आयुष्यही झाले नव्हते. काका खाली मान घालून म्हणाले, "मी दर वेळी बघतो हो. आतून मोडेल हे बाहेरून कळत नाही."

"काका," थोरली म्हणाली, "म्हणूनच मला हे शिकवलं ना? वही द्या. आजचं मी लिहिते."

यंत्रांच्या परीक्षेत ती पहिल्या खेपेला नापास झाली, हेही सांगायला हवे. परीक्षकांनी सांगितलेल्या उंचीवर ती थांबली नाही, वर गेली. दोन आठवड्यांनी पुन्हा बसली आणि उत्तम पास झाली. पुढे व्यावसायिक परवानाही मिळाला. तिच्या तोंडून ऐकून आणखी तिघे आमच्या शाळेत आले, आणि विमान कमी करण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

परवाना हातात पडला त्या रविवारी बाबा आले. नवा इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. माझ्या उजव्या सीटवर बसले आणि पट्टा इतका आवळला की काकांना तो सैल करावा लागला. दर वळणाला त्यांचा उजवा पाय माझ्या तळावर नसलेला ब्रेक दाबत होता.

"बाबा, ब्रेक तिथं नाही," थोरली हसून म्हणाली.

"माहीत आहे गं. पाय ऐकत नाही."

मग तिने त्यांना खाली त्यांचा रोजचा रस्ता दाखवला. वळणावळणाचा, नदीवरच्या पुलावरून जाणारा. अठ्ठावीस वर्षे तो रस्ता त्यांनी समोरून पाहिला होता, वरून कधीच नव्हता. त्यांचा पाय सैल पडला. खिडकीला कपाळ टेकून ते पाहत राहिले. "केवढा लांब आहे," ते हळूच म्हणाले, "मीच चालवत होतो का हा?"

थोरली आता डोंगरापलीकडच्या गावांना टपाल नेणारे विमान चालवते. ते माझ्यापेक्षा मोठे आहे, दोन इंजिनांचे, पण मला मत्सर वाटत नाही. मला नवा पंप बसवला आहे. शिवाय काकांनी एक जादाचा विजेचा पंपही लावला आहे.

मित्रांनो, तुमच्यातही कोणी उद्या शाळा निवडायला निघेल, मग ती उडण्याची असो वा दुसऱ्या कशाची. इमारत पाहा, हरकत नाही. पण तिथे आज काय मोडले आहे तेही विचारा, आणि उत्तर देणारा माणूस तुमच्या डोळ्यांत पाहून बोलतो का, ते बघा. आणि तुमच्या हाती जे यंत्र येईल, मग ती साधी सायकल का असेना, त्याचे दुखणे झाकू नका. लिहून ठेवा, दाखवा, दुरुस्त करा. आम्हा यंत्रांना रंगाचे फारसे कौतुक नसते. कोणीतरी रोज सकाळी झाकण उघडून आत डोकावले, की आम्हाला आणखी एक दिवस उडता येते.